फळीवरचा फोन

भांडगाव, ता. दौंड
६ जानेवारी २०२५

चि. प्रगती,

मामाचे आशीर्वाद घे आणि मग तक्रार ऐक. सोसायटीत सेक्रेटरी होतो तेव्हाची सवय आहे, म्हणून आधी विषय लिहितो. विषय : तुझ्या कंपनीचं ‘गावफेर’ हे अॅप बिघडल्याबाबत. फोन करून सांगता आलं असतं, पण ज्याची तक्रार करायची त्याच्याच तोंडून कशी करायची, म्हणून कागद घेतला.

दिवाळीत शिरूरहून आलीस तेव्हा तू हे अॅप माझ्या फोनात घालून दिलंस. सकाळी चहाबरोबर उघडलं की वर कांद्याचा भाव, मग मेंढरांच्या बाजाराची बातमी, मग हवामान. मी खूश होतो. भाचीने बनवलंय म्हणून गावात मिरवलंही. गेल्या आठवड्यापासून मात्र उघडलं की सगळ्यात वर जाहिरात : ‘महिला पाहिजेत. औषध कंपनी, कुरकुंभ. लॅब व पॅकिंग. मुलाखत २८ जानेवारी, गेटवर.’ कांदा कुठेतरी खाली, बोटाने ओढून ओढून काढावा लागतो.

मी पासष्टीला आलो, मिशी शाबूत आहे, आणि तुझं अॅप मला महिलांच्या भरतीला बोलावतं. काल शेजारच्या मारुतरावांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि अर्ज कधी भरताय म्हणून विचारलं. कंपनीवाल्यांशी तुमचं काही साटंलोटं असेल तर असू दे, पण त्यातून मामाला वगळा.

बाकी घरी ठीक. मामी गुडघ्याला तेल चोळते आहे. बन्सीचा टेम्पो सध्या सोलापूरच्या फेऱ्या मारतो, चार-चार दिवस घरी येत नाही. त्याचा फोन फुटला तेव्हा त्याने बायकोचा, म्हाळसाचाच घेतला, त्यामुळे घरात आता माझा एकच फोन, तो टीव्हीच्या फळीवर असतो. सूनबाई बरी आहे असं मामी सांगते. तुला ठाऊकच आहे, आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. चहा झाला हेसुद्धा ती माझ्यासमोर मामीला सांगते आणि मामी ते मला सांगते. चार वर्षं असंच चाललं आहे आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

उत्तर कागदावरच पाठव.

तुझा मामा,
तात्याबा


शिरूर
१० जानेवारी २०२५

मामा,

दोन नमस्कार. एक तुम्हाला, एक मिशीला.

तुमच्या अर्जाचं उत्तर मीच देते, कारण अॅपमधला हा भाग माझ्याकडेच आहे. आमचं कुणाशी साटंलोटं नाही. वर काय यायचं ते तुमचा फोनच ठरवतो.

ते असं. तुम्ही एखाद्या पानावर बोट लावलं की फोन त्याची नोंद करतो. पान किती वेळ उघडं राहिलं, शेवटपर्यंत वाचलं की अर्ध्यात सोडलं, कोणतं न बघताच सरकवलं, याचीही नोंद होते. त्यावरून तो अंदाज बांधतो की या माणसाला काय हवं आहे, आणि ते वर आणतो. ताज्या नोंदीला वजन जास्त, जुन्या हळूहळू विरून जातात. यातलं काहीही आमच्याकडे येत नाही. इतर अॅपं माणसाचं सगळं उचलून कुठल्या कुठे नेतात. आमची नोंद फोनमध्ये जन्मते आणि फोनमध्येच मरते. हे ऑफिसात मंजूर करून घ्यायला मी वर्षभर भांडले आहे, तेव्हा मला थोडं कौतुक करून घेऊ द्या. तुमचं गुपित तुमच्या घराबाहेर जात नाही.

सगळं पुसायचं असेल तर कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, तिथे ‘नोंदी पुसा’ असं बटण आहे. ते दाबलं की फोन सगळं विसरतो.

पण मामा, ती जाहिरात आपोआप वर आलेली नाही. तुमच्या फोनवर कुणीतरी ती पुन्हा पुन्हा उघडली आहे आणि शेवटपर्यंत वाचली आहे. बहुधा दुपारी, तुम्ही रानात असताना. सकाळी कोण बघतं आणि दुपारी कोण, हे ओळखणं अॅपला जमत नाही. त्याच्या लेखी एक फोन म्हणजे एक माणूस.

इकडे बरं चाललं आहे. आमचं ऑफिस अजून स्टँडजवळ टायरच्या दुकानावरच आहे. वढू बुद्रुकला जाणारे लोक गाड्यांच्या वेळा आमच्या अॅपमध्ये बघायला लागल्यापासून आमचे इंद्रजीत सर खुशीत असतात. आईने मामीच्या गुडघ्यांची चौकशी केली आहे.

प्रगती


भांडगाव
१५ जानेवारी २०२५

प्रगतीताई,

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, सुरुवात कशी करायची ते कळत नाही. सरळच लिहिते.

तुमचं पत्र सोमवारी आलं. या घरात पत्र आलं की आबा ओसरीवर बसून मोठ्याने वाचतात, कारण आत्यांना वाचता येत नाही आणि त्यांना सगळं ऐकायचं असतं. मी आत भाकरी करत होते. मिशीला दोघंही हसले. ते बटण कुठे असतं तेही ऐकलं. मग ‘दुपारी, तुम्ही रानात असताना’ इथे आबा थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं. दुपारी घरात कोण असतं हे विचारायला लागत नाही.

मी दौंडच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं आहे, केमिस्ट्री घेऊन. लग्नाच्या बैठकीत मुलगी शिकलेली आहे हे याच घराने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून मार्कशीट पेटीत आहे. कुरकुंभला लॅबची जागा निघाली आहे, कंपनीची बस फाट्यावर येते, आणि मला जायचं आहे. हे मी अजून यांनाही सांगितलेलं नव्हतं. ते घरी आले की सांगू, जरा निवांत असले की सांगू, असं चाललं होतं. मला माझ्या तोंडाने सांगायचं होतं. ते तुम्ही सांगून टाकलंत.

आत्यांनी संध्याकाळी एवढंच विचारलं, “तुला हितं काय कमी हाय?” कमी काहीच नाही. आणि तेव्हापासून फोन फळीवर नसतो, आबांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. त्याचा अर्थ मला कळतो.

तुमचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. गुपित घराबाहेर जात नाही असं तुम्ही लिहिलंत. ताई, बाहेर गेलं असतं तरी मला चाललं असतं. ते घरातच कळायला नको होतं.

उत्तर पाठवू नका, तेही ओसरीवर वाचलं जाईल. मला काही दुरुस्त करूनही नको. फक्त यापुढे कुणाला काही समजावून सांगू नका. शेजारची रुपाली दौंडला कॉलेजला जाते, तिच्याकडे हे पत्र टाकायला देते आहे.

म्हाळसा


शिरूर
१८ जानेवारी २०२५

मामा,

घाईत लिहिते आहे. मागच्या पत्रात मी ऐटीत जे समजावलं त्यात चूक निघाली. ऑफिसात तपासलं. ती कुरकुंभची जाहिरात सध्या दौंड तालुक्यातल्या सगळ्याच फोनांवर वर येते आहे, कुणी उघडो की न उघडो. घोळ आमचाच आहे. दुपारी कुणीतरी बघतं वगैरे मी लिहिलं ते अजिबात मनावर घेऊ नका.

हे पत्र मामीलाही वाचून दाखवा, आणि जरा मोठ्याने वाचा. आणि फोन खिशात ठेवत जाऊ नका, गरम होऊन बॅटरी खराब होते.

प्रगती


भांडगाव
२२ जानेवारी २०२५

चि. प्रगती,

तुला खोटं लिहिता येत नाही, याबद्दल जास्तीचे आशीर्वाद.

मारुतरावांच्या फोनातही तुझंच अॅप आहे. त्यांच्याकडे वर काय येतं ते जाऊन पाहिलं. कांद्याचं बी आणि कीर्तनं. आणि फोन माझ्या खिशात असतो हे तुला शिरूरला बसून कसं कळलं, ते मी विचारत नाही. तू सांगितल्याप्रमाणे पत्र मोठ्याने वाचलं. मामी म्हणाली, पोरगी कायतरी झाकतीया. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

आता माझं ऐक. फोन खिशात ठेवला तो सुनेला मिळू नये म्हणून नाही. शनिवारी बन्सी येणार होता. त्याने वरचं पान पाहिलं असतं तर तो तिथल्या तिथे काहीतरी बोलून गेला असता, आणि आमच्या घरात एकदा नाही म्हटलेलं मागे घेणं फार जड जातं. मला विचार करायला सवड हवी होती. बन्सी येऊन गेला. फोन परत फळीवर आहे.

पोरीला जायचं असेल तर तिने जावं, असं माझ्या मनाने घेतलं आहे. या गावातल्या सुना कुरकुंभला शिफ्टला जातात आणि त्यांची घरं व्यवस्थित चालली आहेत. पण हे तिला सांगायचं कसं? मी तिच्याशी बोलत नाही. मामीकरवी सांगावं तर मामीला हे पटलेलं नाही. ती निरोप पोहोचवेल, पण आपल्या चवीचा करून पोहोचवेल. म्हणून तुझ्या पत्रातलीच युक्ती केली. रोज सकाळी ती जाहिरात मीच उघडतो, शेवटपर्यंत जातो आणि दाढी होईपर्यंत तशीच उघडी ठेवतो. कांद्याचा भाव मारुतरावांना विचारतो. दुपारी ती फोन घेते तेव्हा जाहिरात वरच असते. फोन इतके दिवस माझ्या ताब्यात होता आणि तरी ती जाहिरात खाली गेलेली नाही, हे तिला दिसतं.

परवा सकाळी उघडलं तर जाहिरातीखाली कुरकुंभच्या गाड्यांच्या वेळा आलेल्या. त्या मी उघडलेल्या नव्हत्या. मला फार बरं वाटलं. मी त्याही उघडून ठेवल्या. आज त्याखाली आलं, मुलाखतीला कोणते कागद लागतात.

प्रगती, चार वर्षांत आमचं एवढं बोलणं झालेलं नाही. म्हणून मुद्दाम लिहितो. तुझ्या अॅपला हात लावू नकोस. अठ्ठावीस तारीख होऊन जाईपर्यंत आहे तसं चालू दे.

तात्याबा


शिरूर
२९ जानेवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र आज वाचलं. गेला आठवडा मी ऑफिसच्या कामाला पुण्यात होते आणि ते घरी पडून होतं.

मी अॅपला हात लावला आहे. पुण्याला गेले होते ते त्याच कामासाठी. शनिवारी, पंचवीस तारखेला, नवी आवृत्ती सगळ्या फोनांवर गेली. आता अॅप बंद केलं की त्या वेळच्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. इंद्रजीत सर तयार नव्हते. मी त्यांना म्हटलं, एक फोन म्हणजे एक माणूस हे आपण शहरात बसून ठरवलं. खेड्यात एक फोन म्हणजे एक घर. नोंद फोनमध्येच ठेवली म्हणजे ती घरातल्या सगळ्यांसमोर मांडून ठेवली. त्यांना ते पटलं. मीटिंगमध्ये लोकांनी माझं कौतुक केलं आणि मला ते आवडलं.

हे मी कुणासाठी केलं ते तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

काल अठ्ठावीस होती. तुमच्या घरात काय झालं ते मला इथे बसून कळायला मार्ग नाही. नोंदी आमच्याकडे येऊ द्यायच्या नाहीत हे माझंच म्हणणं होतं, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. फोन करणार होते, पण मामीने उचलला तर काय विचारायचं? मला फार वाईट वाटतं आहे, मामा. ती गेली का, एवढंच लिहा.

प्रगती


भांडगाव
५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रगती,

ती गेली नाही. पण पत्र इथेच मिटू नकोस.

पंचवीसला सकाळी फोन उघडला तर पहिल्यांदा कांद्याचा भाव. जाहिरात गायब, गाड्या गायब. मी समजलो की तिने ते पुसायचं बटण दाबलं. मामी काही बोलली असेल, तिचं तिलाच नको वाटलं असेल. तरी जाहिरात शोधून काढली आणि उघडून ठेवली. दुसऱ्या दिवशी परत पुसलेली. मग मात्र मी तो नाद सोडला. तिचा निर्णय तिचा, असं म्हणून गप्प बसलो.

अठ्ठावीसला ती दिवसभर अंगणात कांदा निवडत बसली होती. मी उगाच समोरून जा-ये केली. हात चालू होते, पण डोळे लाल होते. सुका कांदा निवडताना डोळ्यांना पाणी येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

दिवेलागणीला मी ओसरीवर उभा राहिलो आणि नाव घेऊन हाक मारली. “म्हाळसा, आज कुरकुंभला का गेली न्हाईस?”

तिने पदर सावरला आणि सवयीने मामीकडे पाहिलं. मामीने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आता कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते तिला कळेना. मग म्हाळसा जमिनीकडे बघत म्हणाली, “आबा, तुम्हीच पुसलं ना समदं.”

“म्या न्हाई पुसलं. मला वाटलं, तूच पुसलंस.”

“मी कशाला पुसीन?”

मामी खाली बसली. “तुमी दोघं त्या डबड्यात बोलत व्हता,” ती म्हणाली, “आन् मी घरात हाय का न्हाई?” तिचं खरं होतं. चार वर्षं आमचे निरोप वाहिले तिने, आणि महत्त्वाचं बोलायची वेळ आली तेव्हा आम्ही तिलाच बाजूला ठेवलं. जेवण होईपर्यंत मी तिची समजूत काढत होतो. शेवटी बन्सीला तिनेच फोन लावला आणि अंगणाच्या पार कोपऱ्यात जाऊन बोलली. काय बोलली ते माहीत नाही. आत आली आणि तो हो म्हणतो एवढं सांगून झोपायला गेली.

सकाळी मी म्हाळसाला मोटारसायकलवर घेऊन कुरकुंभला गेलो. गेटवरचा वॉचमन हिंदीत म्हणाला, मुलाखती कालच झाल्या. मी गाडी वळवायला लागलो. ती उतरली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तो तिने तसाच राहू दिला, आणि आत कुणाला भेटायचं ते त्याला विचारलं. अनुपमा म्हणून एक मॅडम बाहेर आल्या. लॅबच्या जागा भरल्या होत्या. म्हाळसा त्यांना म्हणाली की पॅकिंगला येते, पण लॅबमध्ये जागा निघाली तर आधी मला विचारा, मार्कशीट आणली आहे ती आताच बघून घ्या. मॅडमनी उभ्याउभ्या मार्कशीट पाहिली आणि केमिस्ट्रीतलं काहीतरी विचारलं. तिने सांगितलं. मॅडमनी मान हलवली. मी गाडीला टेकून ऐकत होतो. इतका स्वच्छ, ठाम आवाज माझ्या घरात राहत होता आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता. मला लाज वाटली.

पॅकिंगला घेतलं आहे. पहिली शिफ्ट.

तुझं पत्र आलं ते ओसरीवरच वाचलं. कुणासाठी केलं ते लिहीत नाही, या ओळीला म्हाळसा आतून पिठाच्या हाताने बाहेर आली आणि ताईंना मीच लिहिलं होतं म्हणाली. तेव्हा आता तुलाही झाकायला काही उरलेलं नाही. तू पुसलं नसतंस तर ती त्या दिवशी वेळेवर गेली असती आणि कदाचित लॅबमध्ये असती. ते नुकसान झालंच, मी तुला त्यातून सोडवत नाही. पण मग आम्ही अजून फोनमध्येच बोलत बसलो असतो, हेही खरं आहे. दोन्हींतलं बरं कुठलं, ते मला ठरवता आलेलं नाही.

सोमवारी पहाटे ती पहिल्यांदा कामाला निघाली. दारात थांबून म्हणाली, “आबा, येते मी.” मला काय बोलायचं ते सुचेना. ती थोडी थांबली आणि गेली. काल पुन्हा तेच झालं. आज मी आधीच उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. ती डबा घेऊन बाहेर आली, येते म्हणाली, आणि मी म्हणालो, “ये.”

तात्याबा